देवाचा कंटाळा येऊ शकतो का?

पॉडकास्टचा ताजा भाग ऐकला असेल, तर शेवटच्या दहा मिनिटांत माझी गाडी कशी घसरली ते तुम्हाला आठवत असेल. विषय होता सुरुवातीच्या ख्रिस्ती गूढवादातलं आत्म्याचं देवाकडे आरोहण, वेळ पाऊण तास, आणि त्यातला अर्धा तास मी एकट्या ऑरिजेनवर घालवला. मुख्य मुद्दा राहूनच गेला. तो इथे लिहिते. भाग ऐकला नसेल तरी काही अडणार नाही.

मी सिंगापूरमध्ये बुकित बातोकला राहते. मलय भाषेत 'बुकित' म्हणजे टेकडी, आणि इथे खरोखरच एक टेकडी आहे. लोरोंग सेसुआई नावाच्या शांत रस्त्याच्या टोकाशी दोन खांब आहेत आणि तिथून सरळ वर जाणाऱ्या १२० पायऱ्या आहेत. त्या १९४२ साली जपानी सैन्याने ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतल्या. वर जपानी मृत सैनिकांचं लाकडी स्मारक होतं, आणि कैद्यांनी मागणी केल्यामुळे त्याच्या मागे त्यांच्या मेलेल्या सोबत्यांसाठी एक क्रूसही उभारू दिला होता. १९४५ मध्ये हार समोर दिसल्यावर जपान्यांनीच ते सगळं पाडून टाकलं. पायऱ्या तेवढ्या राहिल्या.

गेल्या वर्षी आई सांगलीहून महिनाभर आली होती. एका संध्याकाळी तिला तिकडे घेऊन गेले. पायऱ्या दिसल्याबरोबर तिने विचारलं, "चपला इथेच काढायच्या का गं?" जेजुरी, पर्वती, वणी असं आयुष्यभर चढलेल्या बाईच्या हिशेबात पायऱ्या म्हटल्या की वर देव असणारच. धापा टाकत वर पोचलो. वर कुंपण आहे, आणि कुंपणाच्या आत प्रक्षेपणाचा उंच मनोरा. आईने मनोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "एवढं चढून वर काहीच नाही?"

मला हसू आलं, कारण माझी डॉक्टरेट जवळजवळ याच प्रश्नावर आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या कपाडोकिया भागात निसाचा ग्रेगरी नावाचा एक बिशप होऊन गेला. आत्मा देवाकडे चढत जातो हे त्यालाही मान्य होतं. पण त्याच्या हिशेबात या चढणीला माथाच नाही. आत्मा चढतो, चढतच राहतो, मृत्यूनंतरही, अनंतकाळ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही शिक्षा वाटली होती. हे सुख आहे असं एखाद्या शहाण्या माणसाला का वाटावं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. त्यासाठी आधी एक अडचण समजून घ्यावी लागते, आणि ती अडचण ऑरिजेनची आहे. म्हणून तो अर्धा तास.

त्याच्याही आधी थोडं सामान गोळा करू. चढण्याची प्रतिमा ख्रिस्ती लोकांची एकट्यांची नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाला स्वप्नात पृथ्वीवरून स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते आणि तिच्यावरून देवदूत चढउतार करत असतात. प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादात प्रेम एका सुंदर देहापासून सुरू होऊन पायरीपायरीने सौंदर्याच्या मूळ तत्त्वापर्यंत जातं. तिसऱ्या शतकातल्या प्लोटिनसने हीच चढण आत वळवली: वर जायचं म्हणजे स्वतःच्या आत जायचं. आपल्याकडे तर 'सोपान' हे माणसाचं नावच आहे, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार भावंडांची नावं ओळीने म्हटली की साधनेचा क्रम ऐकू येतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

'मिस्टिसिझम' हा शब्द या लोकांनी वापरला नसता. त्यांचा शब्द होता 'थेओरिया', म्हणजे पाहणं, एकटक पाहत राहणं. इंग्रजी 'थिअरी' त्यातूनच आली आणि वाटेत कोरडी झाली. मराठीत त्याला 'दर्शन' म्हटलं तर फारसं चुकणार नाही. आपण देवळात दर्शन घेतो आणि कॉलेजात सहा दर्शनं शिकतो. ग्रीक शब्दाचा व्यापही असाच आहे.

आता ऑरिजेन. जन्म इ.स. १८५ च्या सुमारास, वाढला अलेक्झांड्रियात. २०२ साली रोमन छळात त्याच्या वडिलांना अटक झाली तेव्हा हा पोरगा आपणही हुतात्मा व्हायचं म्हणून हटून बसला. शेवटी आईने त्याचे कपडे लपवून ठेवले, म्हणून तो घराबाहेर पडू शकला नाही. ही गोष्ट इतिहासकार युसेबियसने नोंदवली आहे. ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा पुढचा सगळा इतिहास त्या लपवलेल्या कपड्यांचा ऋणी आहे असं मी वर्गात सांगते तेव्हा विद्यार्थी हसतात, पण मी गंभीरपणे म्हणत असते.

ऑरिजेन कसा वाचायचा याचं एक उदाहरण देते. बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा ३३ वा अध्याय तुम्ही कधी उघडलात तर दोन मिनिटांत मिटाल. इस्राएली लोक मिसरमधून निघाल्यापासून यार्देन नदीपर्यंत कुठे कुठे मुक्काम करत आले त्याची ती यादी आहे: इथून निघाले, तिथे तळ दिला, तिथून निघाले, पुढे तळ दिला. एकूण ४२ मुक्काम. ऑरिजेन म्हणतो, देवाने उगाच कशाला एवढी यादी लिहून ठेवली असेल? आणि त्या ४२ मुक्कामांमधून तो आत्म्याचा पूर्ण प्रवास काढतो. प्रत्येक गावाच्या हिब्रू नावाचा अर्थ म्हणजे एक अवस्था. कडू पाण्याच्या मारा या मुक्कामानंतर बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडं असलेलं एलीम येतं, म्हणजे कसोटीनंतर विसावा. पण विसावा हा मुक्काम आहे, घर नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत ४२ पिढ्या मोजल्या आहेत, तेही त्याने बरोबर हेरलं: ख्रिस्त ४२ पायऱ्यांनी खाली उतरला, आपण त्याच ४२ पायऱ्यांनी वर चढायचं. वारीत मुक्कामांची नावं पाठ असलेल्या माणसाला हा प्रकार अजिबात विचित्र वाटणार नाही. आळंदी-पंढरपूर वाटेवरच्या सासवड, जेजुरी, लोणंदचा असा अर्थ लावणारा कीर्तनकार मिळाला तर मी रात्रभर बसून ऐकेन.

शलमोनाच्या नावावर असलेली तीन पुस्तकंही त्याने अशीच रचून दाखवली. 'नीतिसूत्रे' आधी वाचायचं, म्हणजे वागणं सुधारतं. मग 'उपदेशक', म्हणजे जगाचं खरं स्वरूप कळतं आणि त्याची ओढ सुटते. आणि शेवटी 'गीतरत्न', म्हणजे चक्क प्रेमगीत. शिस्त, जगाचं ज्ञान, प्रेम. पुढच्या हजार वर्षांत ख्रिस्ती साधनेचे जे तीन टप्पे ठरून गेले त्यांचा एक मोठा उगम इथे आहे.

इथपर्यंत सगळं छान. अडचण येते ती 'आपण मुळात खाली कसे आलो' या प्रश्नावर.

ऑरिजेनचं उत्तर असं: सुरुवातीला सगळी मनं देवाजवळ होती आणि त्याच्याकडे पाहण्यात रमलेली होती. मग हळूहळू त्यांचं लक्ष ढळलं. ग्रीकमध्ये यासाठी 'कोरोस' हा शब्द येतो. कोरोस म्हणजे पोट भरल्यावर येणारी सुस्ती, पुरे झालं असं वाटणं, अजीर्णाच्या अलीकडचा कंटाळा. लग्नाच्या पंगतीत चौथी जिलेबी ताटात पडल्यावर चेहऱ्यावर जे दिसतं ते. मनांना देवाचा कोरोस झाला. देव अग्नी आहे, त्याच्यापासून ती लांब गेली आणि थंड पडली. 'प्सिखे', म्हणजे आत्मा, हा शब्द त्याने 'थंड होणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडला. आत्मा म्हणजे थंड झालेलं मन. चढण म्हणजे पुन्हा तापत जाणं.

मला ही कल्पना फार आवडते. पापाची कारणं सांगताना लोक अहंकार म्हणतात, वासना म्हणतात, सैतान म्हणतात. हा माणूस म्हणतो, कंटाळा. पण यातून एक भयंकर प्रश्न निघतो. स्वर्गात एकदा कंटाळा आला, तर दुसऱ्यांदा का नाही येणार? ४२ मुक्काम करून, वाळवंट तुडवून, परत वर पोचलो, देवाजवळ बसलो, आणि काही युगांनी पुन्हा तेच, पुरे झालं. मग पुन्हा घसरण, पुन्हा चढण. पुनर्जन्माच्या फेऱ्याची कल्पना अंगवळणी पडलेल्या आपल्यासारख्यांना ही शक्यता ओळखीची वाटेल. ख्रिस्ती श्रद्धेला ती परवडणारी नव्हती, कारण मग तारण कायमचं कसं म्हणायचं?

इथे एक सावधगिरी. ऑरिजेन नक्की किती ठामपणे असं म्हणाला यावर आमच्या क्षेत्रात अजून भांडणं चालतात. त्याचा यासंबंधीचा मुख्य ग्रंथ पूर्ण स्वरूपात फक्त लॅटिन भाषांतरात उरला आहे. ते रुफिनसने ३९८ च्या सुमारास केलं आणि अडचणीच्या जागा सौम्य केल्या. मूळ ग्रीकचे काही तुकडे उरले, ते बरेचसे विरोधकांनी दोषारोपासाठी काढून ठेवलेले. ५५३ साली त्याच्या नावाने धिक्कार झाला आणि ग्रंथ जपायला माणूस उरला नाही. म्हणजे एकीकडे बाजू सावरणारा मित्र आणि दुसरीकडे वकिली करणारा शत्रू, यांच्यामधून त्याचा आवाज ऐकायचा. तरी नवं काही सापडत राहतं. १९४१ मध्ये कैरोजवळ तुरा इथे ब्रिटिश सैन्यासाठी दारूगोळा ठेवायला जुन्या खाणी साफ करताना त्याचे पपायरस मिळाले, आणि २०१२ मध्ये म्युनिकच्या ग्रंथालयात स्तोत्रांवरची त्याची २९ प्रवचनं ग्रीकमध्ये सापडली. ती हस्तलिखिताची वही तिथेच होती. कोणाची आहेत हे लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

आता ग्रेगरीकडे वळू. जन्म ३३५ च्या आसपास. थोरला भाऊ बॅसिल फार मोठा माणूस, आणि सगळ्यांत थोरली बहीण मक्रिना त्याहून मोठी. ग्रेगरी तिला आपली गुरू म्हणतो. ३७९ साली ती मरणशय्येवर असताना भावाने तिच्याशी केलेल्या संभाषणाचा त्याने एक संवाद लिहिला. त्यात प्रश्न हा विचारतो, शंका हा काढतो, रडतो हा, आणि उत्तरं ती देते. ताटीच्या अभंगांमधली मुक्ताबाई तुम्हाला इथे आठवली तर मला नवल वाटणार नाही. तिथे बहीण धाकटी आहे, इथे थोरली. पण दार लावून बसलेल्या भावाला समजावणारी बहीण दोन्हीकडे आहे.

ग्रेगरी ज्या वादात सापडला तो देवाच्या अनंतपणाचा वाद होता. युनोमियस नावाचा एक हुशार विरोधक म्हणत होता की देवाचं स्वरूप नेमक्या एका शब्दात पकडता येतं: 'अजात', जो कोणापासून जन्मला नाही असा. हा शब्द समजला की देव समजला. बॅसिल याच्याशी भांडला. बॅसिल गेल्यावर ग्रेगरीने ते भांडण पुढे चालवलं आणि फार लांब नेलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कुठल्याही चांगल्या गोष्टीची सीमा तिच्या विरुद्ध गोष्टीने ठरते. जीवनाची सीमा मरण, उजेडाची सीमा अंधार. देवाच्या चांगुलपणात विरुद्ध असं काही नाहीच, तेव्हा त्याला सीमा घालणार कोण? देव अमर्याद आहे. आणि जे अमर्याद आहे ते शब्दात मावत नाही, बुद्धीत मावत नाही.

आज हे आपल्याला साधं वाटतं. 'देव अनंत आहे' हे लहान मूलही म्हणतं. पण ग्रीक विचारात अमर्याद असणं हे सहसा दोषाचं लक्षण होतं. अमर्याद म्हणजे आकार नसलेलं, अर्धवट, न घडलेलं. परिपूर्ण वस्तूला कडा हवी. ऑरिजेनच्या काही ग्रीक तुकड्यांतसुद्धा देवाच्या सामर्थ्याला मर्यादा असली पाहिजे असं येतं, नाही तर देवाला स्वतःचंच आकलन कसं होणार? ग्रेगरीने हे उलटं केलं, आणि त्याबरोबर ऑरिजेनची अडचणही सुटली. पोट भरतं ते ताटातलं अन्न आणि पोट दोन्ही मर्यादित असतात म्हणून. देव संपत नाही, तेव्हा त्याचा कोरोस येणार नाही.

हे त्याने सविस्तर मांडलं ते 'मोशेचं चरित्र' या छोट्या पुस्तकात, बहुधा उतारवयात. परिपूर्ण जीवन म्हणजे काय ते लिहून पाठवा, अशी कोणीतरी विनंती केली होती. पुस्तकाची सुरुवात घोड्यांच्या शर्यतीने होते. प्रेक्षक ओरडतात, हात हलवतात, बसल्या जागी चाबूक उगारल्यासारखं करतात, जणू त्यामुळे घोडे जास्त पळणार आहेत! आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत काठावर उभे असलेले काका हेच करतात. मीही तसाच ओरडतोय, ग्रेगरी म्हणतो, पळायचं तुम्हालाच आहे. आणि मग पहिल्याच काही पानांत तो सांगून टाकतो की परिपूर्णतेची व्याख्या करता येणार नाही, कारण सद्गुणाला सीमा नाही. अखंड वाढत राहणं, हीच माणसाची परिपूर्णता.

मोशेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल तर तिच्यातल्या तीन जागा आठवा. जळतं पण भस्म न होणारं झुडूप, तिथे देव उजेडात भेटतो. मग वाळवंटात पुढे चालणारा ढग. आणि मग सीनाय पर्वतावर, निर्गमच्या विसाव्या अध्यायात, मोशे दाट अंधारात शिरतो आणि तिथे देव असतो. चढत गेलं की उजेड वाढायला हवा, इथे कमी होत जातो. प्लेटोच्या गुहेतून बाहेर पडणारा माणूस सूर्याकडे जातो, ग्रेगरीचा मोशे काळोखात जातो. कारण जवळ जाल तसं कळतं की आपल्याला कळत नाही. हे न कळणं अज्ञान्याचं नाही, फार चढून आलेल्या माणसाचं आहे. सुमारे शंभर वर्षांनी 'दिओनिसियस' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका सीरियन लेखकाने हाच काळोख घेतला, आणि त्याच्यामार्फत तो साऱ्या मध्ययुगीन युरोपात पोचला.

पण माझ्या मते पुस्तकाचा गाभा त्याच्याही पुढे आहे. एवढं सगळं झाल्यावर मोशे देवाला म्हणतो, मला तुझं तेज दाखव. ग्रेगरी इथे थांबतो आणि विचारतो, हा माणूस देवाशी समोरासमोर बोललाय, अजून काय हवंय याला? उत्तर मिळतं ते असं: तू खडकावर उभा राहा, मी पुढून जाईन, तुला माझी पाठ दिसेल. पाठ का? कारण ज्याच्या मागे आपण चालतो त्याची पाठच दिसते. समोर तोंड येतं ते उलट दिशेने येणाऱ्याचं. म्हणजे देवाला पाहणं म्हणजे त्याच्या मागे जात राहणं. आणि खडकाचं काय? ग्रेगरी म्हणतो, वाळूच्या टेकडीवर चढणारा पाऊल टाकतो आणि तेवढाच खाली घसरतो. पायांना श्रम भरपूर, प्रगती शून्य. खडकावर घट्ट उभा असलेलाच चढू शकतो. या चढणीत स्थिर असणं आणि चालणं एकच.

पौलाने फिलिप्पै इथल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात, मागचं विसरून पुढच्याकडे झेपावण्याबद्दल एक क्रियापद वापरलं आहे. ग्रेगरी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येतो. त्यावरून आजचे अभ्यासक या कल्पनेला 'एपेक्टासिस' म्हणतात. हा शब्द रूढ केला जाँ दानिएलू या फ्रेंच जेझुइटाने, १९४४ च्या पुस्तकात. त्यानेच 'मोशेचं चरित्र' फ्रेंचमध्ये आणलं, आणि प्राचीन ख्रिस्ती ग्रंथांची जी प्रसिद्ध मालिका १९४२ मध्ये लिऑनला सुरू झाली तिचा तो पहिला खंड ठरला. १९४२. माझ्या टेकडीवरच्या पायऱ्यांचंही तेच साल. यातून काही सिद्ध होत नाही, मला ते लक्षात राहिलं इतकंच.

आता तुमची शंका मला ऐकू येते आहे, कारण माझीही तीच होती. हा तर गाजर दाखवून पळवण्याचा प्रकार झाला! कधी मिळणारच नसेल तर हे सुख कसलं? अनंतकाळची पोस्टडॉक. (माझं कंत्राट पुढच्या जूनमध्ये संपतं, त्यामुळे हा विनोद मला जरा लागतो.)

ग्रेगरीचं उत्तर मक्रिनाच्या तोंडी आहे. आत्मा हे असं भांडं समजा, की त्यात ओतलं की ते मोठं होतं. प्रत्येक वेळी ते पूर्ण भरलेलं असतं, आणि भरल्यामुळेच त्यात आणखी मावतं. म्हणजे इथे उणीव नाही. गाजरामागे पळणारा गाढव उपाशी असतो, हा आत्मा प्रत्येक पायरीवर तृप्त आहे. तृप्ती आणि ओढ एकमेकांना मारत नाहीत, वाढवतात. खरं सांगायचं तर हे तर्काने पटतं की नाही हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण अनुभवाने थोडं पटतं. एखादा राग वीस वर्षं ऐकणाऱ्या माणसाला 'झाला का ऐकून?' असं कोणी विचारत नाही.

तरी एक खोच सांगायला हवी, नाही तर मी ग्रेगरीला फारच नीटनेटका करून दाखवला असं होईल. त्याच संवादात मक्रिना असंही म्हणते की जे हवं होतं ते हाती आल्यावर आशेचं आणि इच्छेचं काम उरत नाही, प्रेम तेवढं उरतं. मग अखंड ओढीचं काय झालं? ग्रेगरीचं मत पुढच्या काळात बदललं, की 'इच्छा' आणि 'प्रेम' हे त्याच्यासाठी वेगळेच होते? मी दुसऱ्या बाजूला झुकते. उणिवेतून येणारी इच्छा संपते, भरलेपणातून येणारी चालू राहते. पण माझे मार्गदर्शक शेवटपर्यंत याला मान हलवायला तयार झाले नाहीत.

आणि या सगळ्याचं रोजच्या दिवसात काय करायचं? त्यासाठी इव्हाग्रियसला भेटायला हवं. कॉन्स्टँटिनोपलमधला हा उगवता धर्मपंडित एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला, शहर सोडून पळाला, आणि शेवटी मिसरच्या वाळवंटात संन्यासी होऊन ३९९ मध्ये तिथेच वारला. ग्रेगरीने माथ्यावरच्या कंटाळ्याचा बंदोबस्त केला, तर इव्हाग्रियस पायथ्याच्या कंटाळ्याचा जाणकार. साधकाला छळणारे आठ प्रकारचे विचार त्याने मांडले. पुढे त्यांचीच बदलत बदलत 'सात महापापं' झाली. त्यातला सगळ्यांत जड विचार म्हणजे 'अकेदिया'. त्याचा भर दुपारी हल्ला होतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी खिडकीतून डोकावतो, जेवणाची वेळ किती लांब आहे पाहतो, कोणी भेटायला येतंय का बघतो. मग वाटतं ही जागाच वाईट, हे कामच वाईट, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं, घरच्यांची आठवण येते. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन मी दुपारी अडीच वाजता ऑफिसात वाचलं आणि हातातला फोन पालथा ठेवला. त्याचा सल्ला साधा आहे: खोली सोडू नकोस. चढणीची पहिली पायरी म्हणजे बसून राहणं.

आपल्या भाषेत ग्रेगरी कुठे बसेल, असा प्रश्न एका श्रोत्याने पाठवला होता. मराठीत ख्रिस्ती कथा सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्सचा. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. हा इंग्रज जेझुइट स्वर्गासाठी बिनधास्त 'वैकुंठ' हा शब्द वापरतो. सुंदर शब्द आहे, पण वैकुंठ हे पोचायचं ठिकाण. दुसरा तयार शब्द 'मुक्ती', म्हणजे प्रवास संपणं. ग्रेगरीला दोन्ही अंगरखे बसत नाहीत.

जवळचं काही शोधायचं तर वारकऱ्यांच्या एका जुन्या हट्टाकडे पाहावं लागतं: मुक्ती नको, पुन्हा जन्म दे, पण भक्तीचं सुख काढून घेऊ नकोस. मिळणारा शेवट नाकारून ओढ मागून घेणारी ही माणसं ग्रेगरीला पाहताक्षणी ओळखीची वाटली असती. पण साम्य तिथेच थांबतं, आणि फरक झाकला तर दोघांवरही अन्याय होईल. भक्ताला मुक्ती मिळू शकते आणि तो ती प्रेमाखातर नको म्हणतो. ग्रेगरीच्या आत्म्याला नको म्हणण्याची सोयच नाही. निर्माता आणि निर्मिती यांच्यातलं अंतर त्याच्या मते कधीच मिटत नाही, म्हणून चढण संपत नाही. ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव' तर तिसऱ्याच टोकाला. तिथे अंतर मुळात नव्हतंच, आणि तरी भक्ती उरते, सहज, न केलेली. अंतर कायम म्हणून प्रेम, अंतर हवं म्हणून प्रेम, अंतर नाही तरी प्रेम. यातलं कुठलं खरं हे सांगणं माझं काम नाही. पण तुलनेच्या उत्साहात 'सगळे संत एकच सांगतात' असं म्हणून मोकळे होणाऱ्यांशी मी भांडते, तेवढं मात्र माझं काम.

माझ्या घरापासून जवळच फ्रान्सिस्कन बंधूंचं सेंट मेरी ऑफ द एंजल्स चर्च आहे. त्याच संघाचा बोनाव्हेंचर १२५९ मध्ये ला व्हेर्ना या डोंगरावर जाऊन बसला आणि आत्म्याच्या देवाकडच्या प्रवासावर एक छोटं पुस्तक लिहून उतरला. सहा पायऱ्या, आणि सहावीनंतर पुन्हा तोच दिओनिसियसचा काळोख. त्याच्या प्रवासाला शेवटी विसावा आहे, ग्रेगरीच्या नाही. रविवारी सकाळी बसमधून जाताना त्या चर्चकडे जाणारी माणसं दिसतात, तेव्हा यातल्या कितीजणांना विसावा हवा असेल आणि कितीजणांना चढण, असा अगोचर प्रश्न मनात येतो.

हा लेख लिहायच्या आधी मी फोनवर आईला सगळं सांगून पाहिलं. भांड्याचं तिला पटलं. काळोखाचं नाही पटलं. मग तिने विचारलं, "तो मोशे वर किती दिवस होता?"

"चाळीस दिवस, चाळीस रात्री."

"आणि खाली आला तेव्हा?"

"खाली लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा मांडली होती."

"बघ," आई म्हणाली. "वरचं सोड, त्यांना चाळीस दिवसांत खालीच कंटाळा आला."